साकळी काढ वं माय

आधीच सांगते, मी या प्रकारातली नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत शवागाराच्या भिंतीला टेकून डबा खाल्लाय मी, आणि भाजी आवडीची असेल तर बोटंही चाटलीत. तिन्हीसांजेला केस मोकळे सोडू नको असं सासूबाई म्हणाल्या की मी मुद्दाम अंगणात उभी राहून विंचरते. या पानावरचे तुमचे अनुभव मी वाचते, पण खरं सांगू का... हसण्यासाठीच वाचते. पिंपळ, पांढरी साडी, मागून कोणीतरी हाक मारली — यातलं काहीही माझ्या गोष्टीत नाही. एक कॉम्प्युटर आहे, एक फ्रीज आहे. आणि कविता नावाची एक मुलगी आहे, जी आज नर्स असायला पाहिजे होती आणि नाही. मी तिच्यासाठी लिहितेय. भुताचं काय ते तुम्ही ठरवा.

मी वाशीम जिल्ह्यात, मंगरूळपीरला, एका खाजगी नर्सिंग कॉलेजात शिकवते. नाव सांगत नाही, नोकरी आहे अजून. खाली कृषी केंद्र, वर आम्ही. खिडकी उघडली की फवारणीच्या औषधाचा वास येतो, बंद केली की पोरी घामाने भिजतात. बाळंतपण शिकवायला रबराची एक बाई लागते. ती आमच्याकडे आहे — कंपनीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, कपाटात, कुलपाआड, आणि किल्ली प्राचार्यांच्या पँटच्या खिशात. "पोरी खराब करतात," असं सर म्हणतात. तपासणीचं पथक आलं की ती बाहेर येते, तिच्यावरची धूळ पुसतात, फोटो काढतात, पथक जेवायला गेलं की पुन्हा आत. एखाद्या सासुरवाशिणीने माहेरी जावं तेवढ्याच वेळा तिला बाहेरची हवा मिळते.

असं असताना आमच्याकडे आभासी रुग्णालय आलं. काय आहे ते सांगते. कॉम्प्युटरवर एक पूर्ण दवाखाना. प्रत्येक मुलीची त्यात एक बाहुली, पांढऱ्या युनिफॉर्ममधली. इथल्या मुली, दुसऱ्या जिल्ह्यांतल्या कॉलेजांच्या मुली, मी, आणि हे बनवणाऱ्या कंपनीचे पुण्याचे निखिल सर — सगळे आपापल्या जागी हेडफोन लावून बसायचे आणि स्क्रीनवर एकाच वॉर्डात फिरायचे, बोलायचे, पेशंट तपासायचे. मोबाइलवरूनही आत जाता यायचं. पहिल्या दिवशी आमच्या पोरी प्रसूतीगृहाच्या दाराशी जाऊन अडल्या. का, तर चप्पल काढायचं बटण सापडेना. निखिल सरांची टाय लावलेली बाहुली आत उभी राहून "या ना, या ना" म्हणतेय आणि आमच्या पोरी उंबऱ्यावर ढिम्म. खूप हसलो तेव्हा.

वॉर्ड मात्र पाहत राहावा असा. भिंतीतून ऑक्सिजन, शेजारी रक्तपेढी, काचेच्या दाराचा फ्रीज, त्यात औषधं ओळीने लावलेली, बोट लावलं की दार उघडतं. आपल्या भागात असा दवाखाना मी तरी पाहिलेला नाही. पोरींना कशासाठी तयार करतोय आपण, असं मनात यायचं. पण रबराची बाई कुलपात, तर निदान ही तरी.

पेशंटचं नाव सीमा. कळा सुरू झाल्या की म्हणायची, "सिस्टर, मला तीव्र वेदना होत आहेत." पोरी खो खो हसायच्या. "मॅडम, कळा देणारी बाई अशी बोलते काय? हे तर बातम्या देऊन राह्यली." मी निखिल सरांना दोनदा कळवलंही होतं, की पेशंटला जरा आमच्याकडचं बोलू द्या.

आता कविता. मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरची. आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे ते उन्हाळ्यात परत यायचे. ही आजीजवळ राहिली, बारावी झाली, आणि तांड्यातली नर्सिंगला आलेली पहिली मुलगी. युनिफॉर्म गादीखाली ठेवून इस्त्री करायची, तरी सगळ्यांत कडक तिचाच. पेशंटच्या पोटावर हात ठेवून तोंडाने बोलत राहायची, जसं काही ती बाहुली नाहीच. सिस्टिम प्रत्येक सरावाचे मार्क देते, त्यात ती कायम वर. मी स्टाफरूममध्ये म्हणायचे, ही पोरगी एक दिवस या जिल्ह्याचं भलं करेल. बाकीचे चहा प्यायचे.

पोळा होऊन गेला होता. दुपारचा तास. कविता सीमाजवळ उभी, बाकीच्या मुली पलंगाभोवती. आणि सीमा बोलली —

"साकळी काढ वं माय. फ्रीजची साकळी काढ."

आवाज वेगळा. घोगरा, धाप लागलेला. बोलताना मध्येच घोट गिळल्यासारखा. सगळ्या मुलींनी माना वर केल्या. मीही हेडफोनवर ऐकलं, स्वच्छ. स्क्रीनवरच्या फ्रीजला साखळी नव्हती, काचेचं दार होतं. मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. म्हटलं, चला, कंपनीने ऐकलं आपलं, वऱ्हाडी घातली एकदाची.

निखिल सरांना आभार मानणारा फोन केला. त्यांनी मला ते वाक्य पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, "मॅडम, सीमाची वाक्यं ठरलेली आहेत. एका कलाकार बाईंच्या आवाजात रेकॉर्ड केली आहेत. त्यात साखळी कुठेच नाही." स्वतः आत आले, पलंगाशेजारी उभे राहिले. सीमा शहाण्यासारखी बातम्या देत राहिली. ते गेले, आणि कविता पुन्हा पलंगाजवळ गेली की — साकळी काढ वं माय. दुसरी मुलगी उभी केली तर नाही. मी हेडफोन बदलला, कॉम्प्युटर बदलला. सुटीत ती तांड्यावर गेली असताना तिला मोबाइलवरून आत यायला लावलं. नेट मिळावं म्हणून ती देवळाच्या ओट्यावर चढून बसली होती. मी मंगरूळला, ती तिकडे, आणि सीमाने तेच मागितलं. निखिल सरांनी रेकॉर्डिंग काढून पाहिलं. त्यात सीमाचे ओठ हलताना दिसतात, आवाज नाही. "ऑडिओमध्ये काहीतरी गडबड आहे," म्हणाले. एवढ्या शिकलेल्या माणसाकडे एवढंच उत्तर होतं.

कविताने मात्र तिच्या परीने मार्ग काढला. सराव सुरू झाला की ती आधी वॉर्डातलं सगळं उघडायची. कपाटं, खण, पेट्या, फ्रीज, दारंसुद्धा. मग पेशंटकडे. सिस्टिम लाल अक्षरांत लिहायची — "अनावश्यक कृती" — आणि मार्क कापायची. पहिल्या नंबरची पोरगी शेवटून मोजायची वेळ आली. मी रागावले.

"मॅडम," ती म्हणाली, "आमच्या तांड्यात बाई अडली की आजी पेटीचं कुलूप काढते, कोठीचं झाकन उघडते, लुगड्याच्या गाठी सोडते. घरात काई बंद ठेवत नाही. मंग बाई मोकळी होते."

"ही खरी बाई नाही, कविता. परीक्षा आहे."

"पन थे मांगून राह्यली न मॅडम. तिले नाही काहून म्हनू?"

मी म्हटलं, मार्क जातात बाळा. ती म्हणाली, जाऊ द्या.

हिवाळा लागता लागता मुलींना खेड्यांतल्या आरोग्य केंद्रांवर पाठवायची वेळ आली. कविता आणि तिची एक मैत्रीण तालुक्यातल्याच एका गावाला गेल्या. गावाचं नावही मुद्दाम लिहीत नाही. पहिल्याच दिवशी तिचा फोन.

"मॅडम, साकळी हाय."

"कसली?"

"फ्रीजले. लोखंडाची साकळी गुंडाळून कुलूप लावलं हाय."

मी खुर्चीत सरळ बसले, हे कबूल करते. पण डोकं लगेच कामाला लागलं — लसींचा तो पेटीसारखा आडवा, वरून झाकणाचा फ्रीज, कुलूप असणारच, त्यात काय. मी तिला म्हटलं, किल्ली कोणाकडे असते ते विचार आणि ती भिंतीला टांगून ठेवायला सांग. तिने विचारलं. तिथली सिस्टर म्हणाली, "लोकं पान्याच्या बाटल्या ठेवतात थंड कराले, म्हनून साहेबांनं साकळी लावली. चाबी साहेबाजवळ." साहेब म्हणजे केंद्राचे इन्चार्ज, रोज अकोल्याहून जाणं-येणं करणारे. कविताने त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, "पोरी, तू शिकायले आली का आमचा कारभार पाहायले?" कविताने हेही मला फोनवर सांगितलं, हसत. मी प्राचार्यांच्या कानावर घातलं. त्यांनी स्वतःचा खिसा चाचपला आणि म्हणाले, "किल्ली जबाबदार माणसाजवळच पाहिजे, मॅडम."

पुढचं मी तिथे नव्हते. कविताने, तिच्या मैत्रिणीने आणि गावच्या आशाताईंनी वेगवेगळं सांगितलं आणि तिघींचं जुळलं, म्हणून लिहिते. सिस्टर आदल्या दिवशी काढून घेतलेल्या लसी घेऊन लसीकरणाला दुसऱ्या गावी गेलेली. साहेब त्या दिवशी आलेच नव्हते. दुपारी ऑटोतून एक बाई आणली, ती टेबलावर घेईपर्यंत बाळंत झाली. मुलगी. मुलगी रडली, सगळं ठीक. पण बाईचं रक्त थांबेना. खालची चादर बदलली, दुसरी घातली, तीही गेली. कविता शिकवल्याप्रमाणे पोट दाबून धरत होती. मैत्रिणीने तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावून तिच्या कानाला धरला. डॉक्टर म्हणाले, फ्रीजमध्ये इंजेक्शन असेल, ते दे लगेच, ॲम्ब्युलन्स पाठवतो. फ्रीजला साखळी. साहेबांचा फोन बंद.

आशाताई म्हणाल्या, "पोरीनं पोट मह्याकडं देलं, म्हने असं दाबून धरा. दाराले अडकन म्हनून दगड होता, तो उचलला. एक सबद बोल्ली नाही. कुलूप काई तुटलं नाही, साकळीची कडी तुटली."

इंजेक्शन गेलं. रक्त ओसरलं. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा बाई डोळे उघडून पाणी मागत होती.

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती, नाही का? एखाद्या शहाण्या देशात त्या पोरीला खांद्यावर घेऊन नाचले असते. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी नोटीस आली. धावपळीत फ्रीजचं झाकण उघडं राहिलं होतं, आतल्या लसी खराब झाल्या. सरकारी मालमत्तेचं नुकसान. विद्यार्थिनीने परवानगीशिवाय औषध दिलं. डॉक्टरांनी लिहून दिलं की फोनवर आपण सिस्टरशी बोलतोय असा त्यांचा समज होता. सिस्टर म्हणाली, मी गावात नव्हते. साहेब म्हणाले, किल्ली माझ्याकडे सुरक्षित होती. खरंच होती. तिला कोणी हात लावला नव्हता.

कॉलेजमध्ये चौकशी बसली. टेबलावर बिस्किटं. आणि पुरावा म्हणून काय आणलं असेल? आभासी रुग्णालयातले कविताचे मार्क. पानंच्या पानं, लाल अक्षरांत — अनावश्यक कृती, अनावश्यक कृती. प्राचार्य म्हणाले, "ही मुलगी प्रशिक्षणातसुद्धा विनाकारण कपाटं उघडत होती. ही तिची सवयच आहे." मी उठले. म्हटलं, सर, विनाकारण नाही, पेशंट मागत होती, मी ऐकलंय, सगळ्या वर्गाने ऐकलंय. त्या मुलींना बोलावलं. त्यांनी माना खाली घातल्या. कोणी म्हणाली आठवत नाही, कोणी म्हणाली हेडफोन खराब होता. प्रत्येकीला स्वतःचं वर्ष वाचवायचं होतं. त्यांच्यावर रागवायचं ठरवलं तरी पूर्ण रागावता येत नाही मला. संस्थेच्या अध्यक्षांनी चष्मा काढला आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही सायन्सच्या. कॉम्प्युटरमधली बाई बोलली म्हणून सरकारी फ्रीज फोडायचा?" सगळे हसले. मी निखिल सरांकडून लेखी मागवलं होतं. त्यात लिहून आलं, सिस्टिममध्ये कोणताही दोष आढळला नाही.

कविता रडली नाही. शेवटी काही बोलायचंय का म्हणून विचारलं तर एवढंच बोलली, "चाबी कोनाजवळ होती, हे कोनीच इचारलं नाही सर."

तिचं नाव कमी केलं. ऊसतोडीचा ट्रक तोवर निघून गेला होता. आजीने तिला एसटीने आईवडिलांकडे पाठवलं. जाताना युनिफॉर्म माझ्याकडे देऊन गेली, घडी केलेला. म्हणाली, "फडात मळते मॅडम. तुमच्यापाशी राहू द्या." माझ्या कपाटात आहे. त्या कपाटाला मी कुलूप लावत नाही.

त्या दिवसानंतर सीमा पुन्हा कधी तसं बोलली नाही. मीही मनाची समजूत घातली होती — कुठली तरी दुसरी लाइन जोडली गेली असेल, कोणाचा तरी फोन घुसला असेल. शिकलेल्या माणसाला समजूत घालायला फार लागत नाही.

संक्रांतीच्या सुमाराला एक दिवस तास संपवून जिना उतरत होते. खाली कृषी केंद्रासमोर एक बाई, कडेवर तान्हं, सोबत नवरा, त्याच्या हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. मला बघून ती बाई म्हणाली, "मॅडम, थे साकळी तोडनारी पोरगी इथंच शिकते न वं माय? तिले पोरगी दाखवाची होती."



तोच आवाज. घोगरा, बोलताना मध्येच घोट गिळणारा. सारखा वगैरे नाही, तोच. माझ्या मागून मुली उतरत होत्या, त्याच, माना खाली घातलेल्या. त्या पायरीवर जागच्या जागी थांबल्या. हेडफोन खराब होता म्हणणारी मटकन खाली बसली आणि तोंडावर ओढणी घेऊन रडायला लागली.

मी त्या बाईला विचारलं, त्या दिवशी तू काही बोलली होतीस का, साखळी काढ वगैरे? ती नवऱ्याकडे बघून लाजली. "मले तर काई आठोत नाही मॅडम. सुदच नोती." आणि बोलली असती तरी काय? सीमा बोलली पोळ्यानंतर. ही बाळंत झाली हिवाळ्यात. सीमा बोलली तेव्हा ही बाई शेतात निंदत असेल, हिला कॉम्प्युटर माहीत नाही, आम्हाला ही माहीत नाही. कंपनीला तर मंगरूळपीर नकाशावर दाखवावं लागतं.

मी तिला सांगितलं, कविता उसाच्या फडात आहे. तिला कळेना. "नर्सबाई कायले ऊस तोडीन?" म्हणाली. शेंगा माझ्याकडे देऊन गेली. मी प्राचार्यांकडे गेले, त्या रडणाऱ्या पोरीलाही नेलं, तिने यावेळी खरं सांगितलं. सर म्हणाले, "प्रकरण बंद झालंय, मॅडम. पुन्हा उघडू नका."

आता नवी बॅच आहे. रबराची बाई अजून प्लास्टिकमध्येच आहे. त्या केंद्रावरच्या फ्रीजला नवी साखळी आली, आधीपेक्षा जाड, असं आशाताई सांगत होत्या. कविताशी कधीमधी फोनवर बोलते. बाई वाचली न, म्हणते, आणि गप्प होते. तिच्या त्या गप्प होण्याचा मला फार राग येतो. तिचा नाही, बाकी सगळ्यांचा.

आणि हे लिहायला बसले त्याचं कारण मागच्या आठवड्यातलं आहे. दुपारचा तास. वैष्णवी नावाची मुलगी सीमाजवळ उभी होती. सीमा बोलली. यावेळचा आवाज दुसराच, वयाने जरा मोठ्या बाईचा, अगदी शांत, थकलेला.

"गाडीची चाबी कोनापाशी हाय वो?"

मी वैष्णवीकडे पाहिलं. तिने ऐकलं होतं, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. माऊसवरचा हात थांबला. मी म्हटलं, "तिला विचार, कोणती गाडी? कुठली?" ती हळू आवाजात म्हणाली, "मॅडम... ते स्टेपमधी नाही. मार्क कटतात." कविताचं काय झालं ते या बॅचला पाठ आहे.

तेव्हापासून मी बसस्टँडवर, बाजारात, दर्ग्याच्या रस्त्यावर बायकांची बोलणी ऐकत फिरते. कोण कुठल्या गावची, कोणाला दिवस गेलेत, आवाज कसा आहे. लोकांना वाटतं मॅडम भोचक झाल्या. तीन-चार केंद्रांवर जाऊन गाडीची, म्हणजे ॲम्ब्युलन्सची, किल्ली कुठे असते म्हणून विचारून आले. एकाने तर तुम्ही कोण विचारणाऱ्या, असंच विचारलं.

कसं घडतं हे, मला माहीत नाही. निखिल सरांना यावेळी मी फोनच केला नाही. तुमच्यापैकी कोणाला काही सुचत असेल तर सांगा, पण ऑडिओची गडबड म्हणू नका.

वैष्णवीने त्या दिवशी सगळ्या पायऱ्या बरोबर केल्या, वेळेत. एकही अनावश्यक कृती नाही. पैकीच्या पैकी मार्क पडले, आणि असे मार्क पडले की सिस्टिम टाळ्या वाजवते. त्या टाळ्या थांबल्या तरी माझ्या कानावर हेडफोन होता, आणि ती बाई विचारतच होती.